छातीवरची गाठ, सैल शर्ट आणि ऑपरेशन: कुणी करून घेतलंय का?

सैल_शर्ट (धागाकर्ता)

नमस्कार. सहा वर्षं इथं नुसता वाचक आहे. या आयडीनं पहिल्यांदाच लिहितोय, कारण समजून घ्याल.

वय २६. उंचीच्या मानानं वजन ठीक, पोटही फार नाही. तेराव्या वर्षी दोन्ही स्तनाग्रांखाली बटणाएवढी गाठ आली. दप्तराचा पट्टा घासला तरी कळ जायची. घरी सांगितलं, तर 'वयात येताना होतं, जाईल आपोआप' म्हणाले. उजवीकडची बरीचशी गेलीही. डावीकडची काही गेली नाही. आता अंगाबरोबरचा टी-शर्ट घातला की दोन टोकं पुढे दिसतात, डावं जास्त.

शर्टाखाली दोन बनियन, भर उन्हाळ्यातही. बॅग कायम पोटाशी. फोटोत हाताची घडी. पोहायला शिकलो नाही, 'मला पाण्याची भीती वाटते' असं सगळ्यांना सांगून ठेवलंय. वारा समोरून आला की शर्ट छातीला चिकटतो, मग तो चिमटीत धरून पुढे ओढायचा. ही सवय इतकी मुरलीय की खोलीत एकटा असतानाही ओढतो.

परवा ऑफिसात एकानं चेष्टेत तिथे चिमटा काढला. सगळे हसले. मीही हसलो. घरी येऊन हा धागा लिहायला घेतला, आज पूर्ण करतोय.

ही नुसती चरबी आहे की आणखी काही, हे घरच्या घरी कळतं का? व्यायामानं किंवा गोळ्यांनी जाईल का? आणि ऑपरेशन कुणी करून घेतलं असेल तर खरं खरं सांगा, जाहिरातीतलं नको.

तिरकस

जिम लावा मालक. लोक छाती यावी म्हणून घाम गाळतात, तुम्हाला आयती आलीय. (ह. घ्या.)

खोडरबर

तिरकसराव, तो माणूस तेरा वर्षं हलकंच घेत आलाय. या धाग्यापुरतं राहू द्या.

सैल_शर्ट, आधी अभिनंदन. हे लिहायला धाडस लागतं. बाकी जाणकार येतीलच.

लोखंडी

जिमचा सल्ला देणाऱ्यांसाठी माझी गोष्ट. मलाही सोळाव्या वर्षापासून हेच होतं. कुणीतरी सांगितलं बेंच प्रेस मार, सगळं आत जाईल. दोन वर्षं मारला. खालचा स्नायू फुगला आणि त्यानं वरची गाठ आणखी पुढे ढकलली. खांदे रुंद झाले, पोट सपाट झालं, आणि त्या सपाट अंगावर ती दोन टोकं आधीपेक्षा उठून दिसायला लागली.

त्यातून पुढचा मूर्खपणा म्हणजे इंजेक्शनं. ट्रेनर म्हणाला टेस्टोस्टेरॉन पुरुषी हार्मोन आहे, त्यानं उलट जाईल. तीन महिन्यांत दुप्पट झालं, वर दुखायला लागलं. का झालं ते कुणीतरी नीट सांगा, मला आजही पुरतं कळलेलं नाही.

टाकेवाला

प्लॅस्टिक सर्जन आहे, म्हणून हा आयडी. नेटवर निदान करणार नाही, पण विषयाची मांडणी करून देतो. लांबेल.

सैल_शर्ट यांचा पहिला प्रश्न हाच खरा प्रश्न आहे. पुरुषाची छाती पुढे दिसते ती दोन गोष्टींनी: चरबी किंवा स्तनग्रंथी. बहुतेकांत दोन्हींची सरमिसळ असते. ग्रंथी वाढली असेल तर त्याला गायनेकोमास्टिया म्हणतात. नुसती चरबी असेल तर तो गायनेकोमास्टियाचा भास, म्हणजे स्यूडोगायनेकोमास्टिया. उताणं झोपा. अंगठा आणि पहिलं बोट छातीच्या दोन बाजूंना ठेवून हळूहळू स्तनाग्राकडे आणा. वाटेत काहीच अडलं नाही, बोटं थेट स्तनाग्रापाशी भेटली, तर चरबी. काळ्या गोलाच्या बरोबर मागे रबरी, थोडी सरकणारी चकती बोटांत आली, तर ग्रंथी. एवढं घरी कळतं. त्यापुढचं डॉक्टरांच्या हाताला आणि सोनोग्राफीला कळतं.

ही ग्रंथी प्रत्येक पुरुषात असते, नाममात्र. इस्ट्रोजेन तिला वाढवतं, टेस्टोस्टेरॉन दाबून ठेवतं. पुरुषाच्या शरीरात दोन्ही असतात आणि तोल इस्ट्रोजेनकडे झुकला की ती वाढते. हा तोल आयुष्यात तीनदा सहज ढळतो. नवजात बाळात, कारण आईचं इस्ट्रोजेन नाळेतून आलेलं असतं. वयात येताना, कारण टेस्टोस्टेरॉन पूर्ण भरात यायला वेळ लागतो. आणि पन्नाशीनंतर, कारण ते कमी होत जातं आणि चरबी वाढत जाते. चरबीत अरोमाटेज नावाचं एन्झाइम असतं, ते टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करतं. लोखंडी, तुमचं उत्तर यातच आहे. बाहेरून ओतलेलं जास्तीचं टेस्टोस्टेरॉन शरीरानं असंच इस्ट्रोजेनमध्ये बदललं. इंजेक्शन थांबवल्यावर स्वतःचं टेस्टोस्टेरॉन तळाला गेलेलं असतं, त्या काळात तोल आणखी बिघडतो.

पण तोल ढळण्यामागे कधी औषध असतं, कधी आजार, म्हणून चाकू उचलण्याआधी कारण शोधायचं. औषधांत हृदयासाठी देतात ते स्पायरोनोलॅक्टोन, प्रोस्टेटसाठी आणि केसगळतीसाठी देतात ते फिनास्टेराइड, प्रोस्टेटच्या कर्करोगावरचं बायकॅल्युटामाइड, मानसिक आजारांवरचं रिस्पेरिडोन, अल्सरसाठी पूर्वी सर्रास दिलं जाणारं सिमेटिडिन, बुरशीवरचं पोटात घ्यायचं किटोकोनाझोल. आजारांत लिव्हर सिरॉसिस, किडनी निकामी होणं, थायरॉइडचं काम जास्त होणं, वृषणांचं काम कमी पडणं. क्वचित वृषणाची गाठ. म्हणूनच छाती दाखवायला आलेल्या माणसाला मी खालीही तपासतो. पेशंट चमकतात, पण वृषण न तपासता कुणी थेट ऑपरेशनची तारीख देत असेल तर तिथून उठून या. तपासणीत टेस्टोस्टेरॉन, एलएच, एफएसएच, इस्ट्राडायॉल, प्रोलॅक्टिन, एचसीजी, थायरॉइड, लिव्हर, किडनी यातलं काय काय लागेल ते वय आणि इतिहास बघून ठरतं. पुष्कळांत काहीच सापडत नाही. तेरा वर्षांपूर्वी सुरू होऊन तसंच थांबलेलं असेल तर काही न सापडण्याचीच शक्यता जास्त.

गोळ्यांचं सांगायचं तर टॅमॉक्सिफेन वापरतात. मूळ औषध स्तनाच्या कर्करोगाचं. ग्रंथी नवी, दुखरी, वाढती असते तेव्हा, म्हणजे साधारण पहिल्या सहा महिने ते वर्षभरात, त्यानं उतार पडतो. त्यानंतर ग्रंथीत तंतू भरतात आणि ती निबर होते, मग औषधाला दाद देत नाही. सैल_शर्ट, तुमची गाडी त्या स्टेशनवरून केव्हाच पुढे गेलीय.

ऑपरेशनचं नंतर लिहितो, आता राउंडला पळतो.

उगाचच

केसांसाठी फिनास्टेराइड दीड वर्ष घेतोय. आत्ता वर वाचून झोपून बघितलं. डावीकडे काहीतरी लागतंय. घाम फुटलाय.

टाकेवाला

घाम पुसा. ज्यांनी गोळी लिहून दिली त्यांना आठवडाभरात भेटून हे सांगा. अशी गाठ नवी असताना औषध बदललं तर बरेचदा ओसरते. आणि रोज चाचपून बघू नका, दाबून दाबून दुखायला लागतं आणि मग दुखतंय म्हणून आणखी दाबलं जातं.

अबोली_घर

मुलगा १४ वर्षांचा आहे. चार महिन्यांपासून डाव्या बाजूला गाठ आहे. खेळाच्या तासाला जायचं टाळतो, आंघोळीनंतर बाथरूममधूनच शर्ट घालून बाहेर येतो. मी विचारलं तर चिडतो. त्याच्या बाबांना तो यातलं काहीच सांगत नाही. डॉक्टरकडे न्यावं की थांबावं? आत्ताच ऑपरेशन केलं तर त्याची शाळेतली वर्षं तरी सुटतील, असंही मनात येतं.

टाकेवाला

अबोलीताई, ऑपरेशनसाठी थांबा, दाखवायला थांबू नका. वयात येणाऱ्या निम्म्याहून जास्त मुलांना थोडंफार हे होतं, एका बाजूला जास्त असणंही नेहमीचंच. बहुतेकांचं सहा महिने ते दोन वर्षांत ओसरतं. आत्ता कापलं तर ग्रंथी पुन्हा वाढू शकते, आणि जे आपोआप गेलं असतं त्यासाठी त्याच्या अंगावर व्रण राहील.

बालरोगतज्ज्ञांकडे एकदा न्या. उंची, वजन, वयात येण्याची बाकीची लक्षणं, वृषणांचा आकार ते बघतील. वृषण वयाच्या मानानं लहान आणि टणक असतील आणि मुलगा उंच, लांब हातापायांचा असेल तर क्लाइनफेल्टर सिंड्रोमसाठी गुणसूत्रांची तपासणी सांगतात. त्यात एक्स गुणसूत्र जादा असतं. ते वेळेत कळलेलं बरं. वयात यायला सुरुवातच झालेली नसताना गाठ आली असती, किंवा झपाट्यानं वाढली असती, तर मी 'या आठवड्यातच न्या' म्हणालो असतो.

सैल_शर्ट

अबोलीताई, त्या मुलाच्या जागेवरून सांगतो. मला 'जाईल आपोआप' हे उत्तर मिळालं होतं आणि ते चूकही नव्हतं. पण ते दाराआडून मिळालं आणि विषय बंद झाला. कुणी तपासलं नाही, पुन्हा विचारलं नाही, दोन वर्षांनी 'गेलं का रे?' एवढं सुद्धा नाही. मग मलाही वाटलं की हे बोलायचंच नसतं. डॉक्टरांच्या तोंडून त्याला एकट्याला ऐकू द्या की अर्ध्या वर्गाला हे झालेलं असतं.

अबोली_घर

शनिवारची वेळ घेतलीय. आत त्याला एकट्याला पाठवेन.

नाना_६८

माझ्या वयाचे लोक असल्या धाग्यावर लिहीत नाहीत, पण लिहितो. हृदयासाठी स्पायरोनोलॅक्टोन चालू होतं. वर्षभरानं उजवं स्तनाग्र इतकं हुळहुळं झालं की पांघरूण लागलं तरी जाग यायची. खाली गाठ. बायकोची मावशी स्तनाच्या कर्करोगानं गेलेली, त्यामुळे घरात कुणी काही बोलेना आणि सगळ्यांच्या मनात तेच.

मॅमोग्राफीला गेलो. रांगेत मी एकटा पुरुष. तिथल्या मुलीनं दोनदा विचारलं, 'आजोबा, पेशंट कुठाय?' फॉर्मवर 'शेवटची पाळी कधी' असा रकाना. तो मी कोरा सोडला तर तिनं परत आणून दिला. काट मारली. मशीनमध्ये धरायला माझ्याकडे पुरेसं मटेरियलही नव्हतं, कसंबसं जमवलं. निघाली ग्रंथीच. हृदयाच्या डॉक्टरांनी गोळी बदलून इप्लेरेनोन दिली, दोन-तीन महिन्यांत दुखणं थांबलं. सूज थोडी आहे, राहू दे. ऑपरेशनच्या भानगडीत मी पडलो नाही. या वयात शर्ट काढून कुठं जायचंय?

टाकेवाला

नाना, दंडवत. गोळी स्वतःच्या मनानं बंद केली नाहीत हे फार बरं केलंत.

पुरुषांनाही स्तनाचा कर्करोग होतो, स्तनांच्या सगळ्या कर्करोगांत त्याचं प्रमाण शेकड्याला एकाहून कमी आहे. साधी ग्रंथी काळ्या गोलाच्या मधोमध मागे असते, रबरी लागते, बरेचदा दुखरी असते. कर्करोगाची गाठ बहुधा एका बाजूला, मध्याला सोडून, दगडासारखी टणक आणि न दुखणारी असते. स्तनाग्र आत ओढलं जाणं, त्यातून रक्ताळ स्राव, कातडीला खळी पडणं, काखेत गाठ, यातलं काहीही दिसलं तर लाज बाजूला ठेवून त्याच आठवड्यात दाखवा.

रात्रपाळी

आता माझी पाळी. तीन वर्षांपूर्वी, ३१ व्या वर्षी ऑपरेशन केलं. जाहिरातीतलं नको म्हणालात ना, मग सगळंच लिहितो.

तीन सर्जनना भेटलो. पहिल्यानं मला उभंही केलं नाही, खुर्चीतूनच 'लायपो करून टाकू, दुपारी घरी' म्हणाला. लायपो म्हणजे लायपोसक्शन, नळीनं चरबी ओढून काढणं. दुसऱ्यानं छातीबरोबर पोट आणि कंबरही करून घ्या असा सूर लावला. तिसरीनं हात लावून तपासलं, दोन मिनिटं काही बोलली नाही, मग कागदावर आकृती काढून दाखवली: एवढी चरबी, एवढी ग्रंथी. आणि म्हणाली, 'दोन्ही बाजू सारख्या होतील असं वचन देणार नाही, शर्टातून फरक कळणार नाही एवढं बघेन.' तिच्याकडे केलं.

ऑपरेशनच्या सकाळी आरशासमोर उभं करून मार्करनं छातीवर गोल काढले, नकाशात डोंगराची उंची दाखवतात तसे एकात एक. झोपल्यावर सगळं पसरतं म्हणून हे उभ्यानंच करतात. गार खोली, उघडं अंग, आणि जी गोष्ट लपवण्यात अर्धं आयुष्य गेलं तिच्यावर एक बाई शांतपणे जांभळ्या रेघा मारतेय. मला हसू आलं. ती म्हणाली, 'हलू नका, रेघ वाकडी जातेय.'

पूर्ण भूल दिली. दोनेक तास लागले असं नंतर कळलं. शुद्धीवर आलो तर छातीभोवती कुणीतरी पट्टा करकचून आवळलाय. तो कॉम्प्रेशन व्हेस्ट. दोन्ही काखांपाशी एकेक नळी, तिच्या टोकाला गोळा, त्यात लालसर पाणी. त्या नळ्या, ड्रेन, दुसऱ्या दिवशी काढल्या. काढताना आतून काहीतरी सरसरत गेल्यासारखं वाटतं, दुखत नाही पण विसरताही येत नाही.

काढलेलं मला बघायचं होतं. बाटलीत दोन तुकडे, पिवळट पांढरे, कडेला चरबी लागलेली. केवढंसं! कपडे ठरवले, मित्र ठरवले, उभं राहायची ढब ठरवली ती या दोन तुकड्यांनी. सर्जननं हातमोजा देऊन दाबून बघायला दिलं. चिवट, खोडरबरासारखं.

खोडरबर

माझ्या आयडीचं नशीब.

रात्रपाळी

हाहा. पुढचं. पहिला आठवडा हात खांद्याच्या वर नेता येत नाही, म्हणून पुढून बटणं असलेले शर्ट काढून ठेवा. उताणंच झोपायचं. शिंक आली की छातीवर उशी दाबायची. चौथ्या दिवशी निळं-हिरवं कंबरेपर्यंत उतरलं, बघून घाबरलो. पाचव्या दिवशी टेबलावरच्या कामाला बसलो. व्हेस्ट चार आठवडे रात्रंदिवस, मग दोन आठवडे फक्त दिवसा. दोन व्हेस्ट घ्या, एकच असला तर तो धुवून वाळेपर्यंत जीव टांगणीला. छातीचा व्यायाम सहा आठवड्यांनी.

कुणी आधी सांगत नाही ते असं, की तिसऱ्या आठवड्यात डावीकडे पुन्हा गाठ लागली. रात्री दोन वाजता आरशासमोर उभा राहून रडलो, 'परत आलं' म्हणून. तो आत भरून येणाऱ्या जखमेचा कडकपणा होता. मालिश करत राहिलो, चार महिन्यांत विरघळला. स्तनाग्रं तीन महिने बधिर होती, मग मुंग्या यायला लागल्या, मग पूर्ववत. सूज पूर्ण उतरून खरा आकार दिसायला सहा महिने गेले. डावी-उजवीत आजही थोडा फरक आहे, मला माहीत आहे म्हणून मला दिसतो.

दुसऱ्यांदा

रात्रपाळी नशीबवान. माझं उलटं झालं, तेही नोंदवतो.

मी पहिल्या भेटीतच पैसे भरले. फक्त लायपोसक्शन केलं. काखेशी तीन-चार मिलिमीटरचं भोक, दुसरा व्रणच नाही, म्हणून खूश होतो. सूज उतरली तशी आजूबाजूची चरबी गेलेली आणि मधली ग्रंथी तशीच. आधी सगळीच छाती उचललेली होती, आता सपाट मैदानावर दोन बटणं. त्याच जागी तक्रार घेऊन गेलो तर 'वजन कमी करा' म्हणाले. वर्षभरानं दुसरीकडे गेलो. तिथं त्यांनी ग्रंथी काढली, पण मुळासकट. स्तनाग्राच्या मागे काहीच उरलं नाही. उजवीकडे आता बशीसारखा खळगा आहे, हात वर केला की स्तनाग्र आत जातं. पहिल्याच दिवशी कुणी 'यात ग्रंथी किती आणि चरबी किती' एवढं विचारलं असतं, तर मला दोन ऑपरेशनं लागली नसती.

टाकेवाला

'दुसऱ्यांदा' यांनी जे भोगलं, ते समजलं की ऑपरेशन समजलं. राहिलेलं लिहितो.

लायपोसक्शनची नळी चरबी ओढते, कारण चरबी मऊ असते. निबर ग्रंथी तिला दाद देत नाही. अल्ट्रासाउंडवर किंवा यंत्राच्या कंपनांवर चालणाऱ्या नळ्यांनी तंतुमय भागात थोडं जास्त काम होतं, पण स्तनाग्रामागची घट्ट चकती बहुधा हातानंच काढावी लागते. त्यासाठी काळ्या गोलाच्या खालच्या कडेवर अर्धवर्तुळाकार छेद घेतात. वेबस्टर या सर्जननी १९४६ साली हा छेद मांडला, आणि आजही तोच चालतो, कारण काळी आणि गोरी कातडी जिथं भेटते त्या रेघेत व्रण लपतो. बरेच जण आता आधी लायपो करून मग त्याच बारीक भोकातून किंवा छोट्या छेदातून ग्रंथी ओढून तुकड्यातुकड्यानं काढतात.

ग्रंथी सगळी काढायची नसते. स्तनाग्राच्या मागे साधारण अर्धा ते एक सेंटिमीटर जाडीचा थर ठेवायचा, नाहीतर बशी होते. हा थर राखून कुठं थांबायचं हे हाताला कळावं लागतं. कमी काढलं तर पेशंट म्हणतो राहिलं, जास्त काढलं तर खळगा, आणि खळगा भरणं हे फुगवटा काढण्यापेक्षा अवघड. दुसऱ्यांदा, तुमच्यासाठी स्वतःचीच चरबी टोचून किंवा सरकवून भरणं हा मार्ग आहे. शेवटच्या ऑपरेशनला निदान सहा महिने ते वर्ष झाल्यावर दाखवा.

कातडीचा प्रश्न वेगळा. १९७३ साली सायमन आणि सहकाऱ्यांनी पाडलेल्या पायऱ्या अजून वापरतात. पहिली: लहान वाढ, जादा कातडी नाही. दुसरी अ: मध्यम वाढ, कातडी जादा नाही. दुसरी ब: मध्यम वाढ आणि थोडी जादा कातडी. तिसरी: मोठी वाढ, कातडी लोंबणारी. पहिल्या दोनांत आतलं काढलं की कातडी स्वतःच आवळून येते, तरुणपणी तर छानच. तिसरीत कातडी कापावी लागते, मग गोलाभोवती पूर्ण व्रण किंवा छातीच्या खालच्या घडीत आडवा व्रण. फारच लोंबत असेल तर स्तनाग्र सुटं काढून नव्या जागी लावतात, त्यात तिथली संवेदना बहुधा जाते. हे आधी सांगितलं गेलं पाहिजे.

धोके: सर्वांत नेहमीचा म्हणजे आत रक्त साठणं. पहिल्या दिवसात एकच बाजू झपाट्यानं फुगली, ताणली, ठणकायला लागली तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच फोन करा. कधी कधी पुन्हा टेबलावर घेऊन रक्त काढावं लागतं. बाकी पाणी साठणं, जंतुसंसर्ग, बधिरपणा, असमानता, काहींच्या अंगाला जाड व्रण येण्याची सवय असते ती. सिगरेट निदान चार आठवडे आधी बंद, कारण तिनं स्तनाग्राचा रक्तपुरवठा कमी होतो. ॲस्पिरिनसारखं काही चालू असेल तर आधी सांगा. काढलेला तुकडा पॅथॉलॉजीला गेला का, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

जाता जाता, हे खूळ आजचं नाही. गायनेकोमास्टिया हे नाव ग्रीक आहे, गॅलेन या प्राचीन वैद्यानं दुसऱ्या शतकात वापरलेलं. आणि सातव्या शतकात एजिनाच्या पॉलस या वैद्यानं चंद्रकोरीसारखा छेद घेऊन ही शस्त्रक्रिया कशी करायची ते लिहून ठेवलंय. भूल नसताना. तेव्हाही कुणीतरी सैल अंगरख्यात फिरत असणार.

काठावर

४२ किलो वजन कमी केलंय, व्यायाम आणि शिस्त. सगळं अंग उतरलं, छातीवर मात्र दोन रिकाम्या पिशव्या. वजन आणखी उतरवून कातडी आवळेल का?

टाकेवाला

नाही. रिकामी कातडी व्यायामानं आवळत नाही. पण घाई नको. वजन सहा महिने ते वर्षभर एका जागी स्थिर राहू द्या, मग. आत्ता करून पुढे वजन हललं तर पुन्हा सैल पडेल.

तिरकस

पहिला प्रतिसाद माझा होता. काढून टाकायला संपादकांना सांगणार होतो, पण मग खोडरबरचा प्रतिसाद अधांतरी लटकेल, म्हणून राहू देतो. सैल_शर्ट, सॉरी. ऑफिसातल्या त्या चिमट्याचं वाचूनही मी ते लिहिलं.

एक प्रश्न मात्र खरा आहे. ज्यात जिवाला धोका नाही त्यासाठी भूल घेऊन टेबलावर जाणं पटतं का सगळ्यांना?

रात्रपाळी

मला पटलं. धोका नव्हता, त्रास होता, आणि तो रोजचा होता. नानांना नाही पटलं, तेही बरोबर आहे. विम्याचं मात्र आधी लेखी विचारून घ्या, पुष्कळदा हे 'सौंदर्यासाठी' या खान्यात टाकतात आणि हात वर करतात.

सैल_शर्ट

पाच आठवड्यांनी येतोय, माफी.

आधी हार्मोनच्या डॉक्टरांकडे गेलो. रक्ताचे रिपोर्ट सगळे नॉर्मल, वृषणांची सोनोग्राफीही. छातीच्या सोनोग्राफीत डावीकडे ग्रंथी स्पष्ट, उजवीकडे थोडी, बाकी चरबी. दोन सर्जनना भेटलो. टाकेवालांच्या प्रतिसादातून प्रश्न उतरवून नेले होते: ग्रंथी किती आणि चरबी किती, मागे किती थर ठेवणार, तुकडा पॅथॉलॉजीला जाणार का, रक्त साठलं तर रात्री कुणाला फोन करायचा. पहिल्यानं चिठ्ठी बघून 'नेटवर वाचून आलात वाटतं' म्हटलं. दुसऱ्यानं चष्मा वर करून एकेकाचं उत्तर दिलं. सायमनच्या पायरीत दुसरी अ. लायपो अधिक अर्धवर्तुळ छेद. आज ऑपरेशनला बारा दिवस झाले.

दुखणं वाटलं होतं त्यापेक्षा कमी, आवळलेपणा वाटला होता त्यापेक्षा जास्त. तिसऱ्या दिवशी उजवीकडे थोडं पाणी साठलं, सुईनं काढलं. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट काल आला: गायनेकोमास्टिया, काळजीचं काही नाही.

काल पहिल्यांदा बाहेर पडलो. समोरून वारा आला आणि हात आपोआप शर्टाकडे गेला, चिमूट धरून ओढलाही. मग आठवलं. पुढच्या वळणावर परत ओढला.

अबोली_घर

छान वाटलं वाचून. आमच्याकडे डॉक्टर 'थांबूया, सहा महिन्यांनी परत या' म्हणाले, सगळं तपासून. बाहेर आल्यावर चिरंजीव म्हणाले, 'डॉक्टरांना पण झालं होतं.' बाकी काय बोलणं झालं ते मला सांगितलेलं नाही. खेळाच्या तासाला जातोय, वरून जॅकेट असतं.

उगाचच

माझीही हजेरी. गोळी बंद केली डॉक्टरांनी, गाठ अर्ध्यावर आलीय. केसांचं बघू.

सैल_शर्ट

रात्रपाळी, ती मालिश कितव्या दिवशी सुरू केली होती? डावीकडे टाक्यांच्या खाली कडक लागतंय.

रात्रपाळी

माझी तीन आठवड्यांनी, सर्जननं हातानं दाखवल्यावर. बारा दिवसांत नको. आणि रात्री दोन वाजता आरशासमोर जाऊ नका.